घट कोण धरणार?

जुना दागिना मोडून नवा घडवावयाचा झाला की सराफ प्रथम घट सांगतो. सोने मुशीत पडले की हीण जळते, डाग निघून जातो आणि हाती येणारे वजन दिलेल्या वजनापेक्षा कमी भरते. ही तूट कोणाही गिऱ्हाइकाला गोड वाटत नाही. परंतु ती अटळ आहे हे दोघांनाही ठाऊक असते, आणि जो सराफ घट सांगतच नाही त्याच्या पेढीची पायरी शहाणा माणूस दुसऱ्यांदा चढत नाही. शहाण्णव गुंजांच्या तोळ्यात एका गुंजेचा फरक पडला तरी जेथे हुज्जत होते, त्या धंद्यातील ही रीत आज आठवण्याचे कारण सोन्याचा भाव नव्हे. कारण आहे एक झाड.

गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास जेथे स्थिरावली, त्या लष्कर भागात महाराज बाड्याला लागून सराफा बाजार आहे. तेथील एका जुन्या मराठी पेढीवर, तराजूच्या शेजारी, आम्हांला एक चमत्कारिक फळ ठेवलेले दिसले. लहानशा दुधी भोपळ्याएवढे, अंगावर मखमलीसारखी लव, रंगाने हिरवट तपकिरी, आणि हलविले की आत खुळखुळणारे. आमची नजर तिकडे गेलेली पाहून मालक म्हणाले, "मांडवगडाहून आणलं आहे. तिकडे याला खुरासानी इमली म्हणतात. आपण समुद्राकडचे, आपल्याकडेही हे झाड असतं म्हणे. इथं गच्चीवर कुंडीत लावलं तर होईल का?"

ज्या गृहस्थाचे आयुष्य कसोटीच्या दगडापुढे गेले, त्याने एका बीच्या भवितव्याची इतक्या अगत्याने चौकशी करावी याचे आम्हांला कौतुक वाटले, आणि थोडी लाजही वाटली. कारण त्या झाडाचे नाव आम्हांला सांगता आले तरी ते कसे लावावे हे त्या क्षणी सांगता आले नाही. ज्या किनाऱ्यावर हे झाड गेली कित्येक शतके उभे आहे, तेथून आलेल्या माणसाची ही गत!

हे झाड म्हणजे आपली गोरखचिंच. चिंचेशी तिचे नाते नावापुरतेच. फळातील गर आंबट, एवढ्यावरून लोकांनी ते जोडले. कुळ पाहू गेल्यास ती सावरीच्या गोत्यातली. मूळ घर आफ्रिका. सेनेगलमध्ये अठराव्या शतकाच्या मध्याला काही वर्षे राहिलेल्या मिशेल आदाँसाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने तिचे सविस्तर वर्णन केले आणि लिनिअसने त्याचेच नाव या प्रजातीला दिले. आफ्रिकेतील लोककथा सांगतात की देवाने रागाच्या भरात हे झाड उपटून उलटे रोवले. वर्षातील निम्मा काळ निष्पर्ण उभ्या असलेल्या गोरखचिंचेकडे ज्याने पाहिले असेल, त्याला ही कथा मुळीच अतिशयोक्त वाटणार नाही. अवाढव्य, राखाडी, हत्तीच्या कातडीसारखे खोड, आणि त्यावर आकाशात पसरलेली मुळांसारखी वेडीवाकडी फांद्यांची जुडी. पावसाच्या तोंडावर मात्र तिला पालवी फुटते. पाच ते सात पानांचे पंजे फांद्या झाकून टाकतात आणि लांब देठांवर ओंजळीएवढी पांढरी फुले खाली डोके करून लोंबू लागतात. ती संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतात. मधल्या एका रात्रीत वटवाघळांनी आपले काम उरकले तर फळ धरते, नाही तर नाही. आपल्याकडे वटवाघूळ म्हटले की लोक दगड शोधतात. गोरखचिंचेला फळ का धरत नाही, याचे उत्तर काही ठिकाणी तेथेच सापडेल.

हे आफ्रिकी झाड आपल्या देशात आले कसे? या प्रश्नावर पूर्वी तर्कच चालत. कोणी अरब व्यापाऱ्यांचे नाव घेई, कोणी पोर्तुगिजांचे. २०१५ साली रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात या झाडांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतातील झाडांची आफ्रिकेतील झाडांशी तुलना करून संशोधकांनी दाखविले की गोरखचिंच येथे एकदा नव्हे, वेगवेगळ्या काळी अनेकदा आणली गेली, आणि तिच्या वाटा हिंदी महासागरातील व्यापाराच्या आणि त्या व्यापाराबरोबर येथे आलेल्या, बहुधा आणल्या गेलेल्या, आफ्रिकी माणसांच्या वाटांशी जुळतात. हे वाचल्यावर नकाशाकडे पाहावे. हबशी सरदारांची विजापूर, सुलतानांचा मांडवगड, गोवळकोंडा, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींचा व पोर्तुगिजांचा आपला किनारा. जेथे जेथे ही झाडे जुनी आहेत, तेथे तेथे आफ्रिकेतून आलेल्या माणसांचा वावर होता. गोव्याचा तर मोझांबिकशी संबंध इतका निकटचा की १७५२ पर्यंत त्या मुलखाचा कारभार गोव्यातूनच पाहिला जाई. तेथून गलबतांत भरून आणलेल्या गुलामांना आपले पूर्वज 'खापरी' म्हणत. त्यांची नावे कोणत्याही वहीत राहिली नाहीत. एखाद्याच्या कनवटीला बांधलेली बी मात्र राहिली असावी, असे ही झाडे पाहून वाटते.

येथे आल्यावर या परदेशी पाहुण्याचे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. आपल्या लोकांनी त्याला परके ठेवलेच नाही. गोरखनाथांनी याच्या सावलीत शिष्यांना उपदेश केला अशी समजूत रूढ झाली आणि झाड नाथपंथाचे झाले. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर येथे ते कुंतीच्या पूजेसाठी स्वर्गातून आणलेले 'पारिजात' ठरले. आपल्या अंगणातील प्राजक्त तो नव्हे, हे तेथे जाऊन आलेल्या यात्रेकरूंनी आपल्या बायकामुलांना कितीदा समजावून सांगितले असेल! राजस्थानात अजमेरजवळ मांगलियावासला ते कल्पवृक्ष आहे आणि हरियाली अमावास्येला त्याची जत्रा भरते. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातील सवणूर येथे ज्या मठाच्या आवारात ती झाडे उभी आहेत, त्या मठाचे नावच दोड्डहुणसेमठ, म्हणजे थोरल्या चिंचेचा मठ. किनाऱ्यावरच्या मासेमारांनी देवत्वाच्या भानगडीत न पडता त्याची वाळकी, हलकी फळे जाळी तरंगती ठेवण्यासाठी वापरली. परक्याला आपलासा करण्याची ही रीत आम्हांला कायद्याच्या पुस्तकातील कोणत्याही कलमापेक्षा अधिक भरवशाची वाटते. कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला कल्पवृक्षासमोर चार वेळा विचार करावा लागतो.

तरीही हे झाड आपल्याकडे दुर्मिळ का, हा प्रश्न उरतोच. आफ्रिकेत हत्ती आणि वानरे त्याची फळे खातात आणि बी दूरवर पसरते. येथे ते काम करणारा प्राणी नाही. कठीण कवचाच्या फळात अडकलेली बी झाडाखाली पडून राहते. जी रुजते तिचे कोवळे पान शेळी सोडीत नाही. म्हणून भारतात गोरखचिंच आपल्या आपण फारशी वाढत नाही. रानमोडीसारखी ती कोणाचे रान बळकावीत नाही. परदेशी झाडे नकोत असा आग्रह धरणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. शिवाय काजू, अननस आणि मिरची यांना आधी परदेशी पाठवून मग या झाडाकडे वळावे. मुद्दा असा, की किनाऱ्यावरची प्रत्येक जुनी गोरखचिंच बहुतकरून कोणा तरी माणसाने हाताने लावलेली आहे. लावणाऱ्याला तिचे खोड जाड झालेले दिसणार नव्हते, आणि तरीही त्याने लावले. रस्त्याच्या कडेचा गुलमोहर हाही मादागास्करचा, म्हणजे त्याच बाजूचा. तो पाच-सात वर्षांत फुलतो, उद्घाटन करणाऱ्याच्या कारकिर्दीतच लाल होतो, आणि वीस-तीस वर्षांनी एखाद्या जूनमध्ये मोटारीवर आडवा पडतो. तो आम्ही हजारोंनी लावला. गोरखचिंच लावावी असे कोणत्याही वनमहोत्सवात कोणाला सुचल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

सुचते ते तोडणे. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईत सांताक्रूझ येथे स्वामी विवेकानंद मार्गावरची एक जुनी गोरखचिंच मेट्रोच्या कामासाठी पाडण्यात आली. तिचे वय तीनशे वर्षांचे असल्याचे सांगितले जात होते. रहिवाशांनी हळहळ व्यक्त केली, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, आणि काम पुढे गेले. मेट्रो नको असे आम्ही म्हणणार नाही. लोकलच्या दारात लोंबकळून रोज कामावर जाणाऱ्या माणसाला झाडाचे महत्त्व सांगण्याचा अधिकार मोटारीतून फिरणाऱ्यांना नाही. प्रश्न तोडण्याचाच नाही, तोडल्यानंतरच्या हिशेबाचा आहे.

तो हिशेब महाराष्ट्रात कायद्याने ठरवून दिला आहे. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ चा. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत, ती सहा ते आठ फूट उंचीची असावीत, आणि सात वर्षे त्यांची निगा राखावी असे ठरले. हेतू चांगला आहे यात शंका नाही. एका झाडाबद्दल दोन काड्या रोवून मोकळे होण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा ही तरतूद पुष्कळच बरी. परंतु गोरखचिंचेपाशी आली की ती दोन्ही पायांनी लंगडू लागते.

एक तर वय कसे ठरवावयाचे? सागाच्या ओंडक्यावर वलये मोजता येतात. गोरखचिंचेचे लाकूड स्पंजासारखे, पाण्याने भरलेले. वलये असलीच तर विश्वासार्ह नाहीत, आणि जुन्या झाडाचा गाभा बहुधा पोकळ. पाऊस चांगला झाला की खोड फुगते, अवर्षणात आक्रसते. शिवाय जे एक प्रचंड खोड दिसते, ते पुष्कळदा एकमेकांत मिसळलेल्या अनेक खोडांचे असते. घेरावरून वय सांगणारा येथे हमखास फसतो. किंतूरचे लोक आपल्या पारिजाताला पाच हजार वर्षांचा म्हणतात म्हणून हसण्याचे कारण नाही. खुद्द आदाँसाँनेही सेनेगलच्या झाडांचे वय हिशेब मांडून पाच हजारांवर नेले होते. अलीकडे किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने जी वये काढली गेली, त्यांत सर्वांत जुने ठरले ते झिंबाब्वेतील एक झाड, सुमारे २४५० वर्षांचे. ते २०११ पर्यंत कोसळून मेले. अशी चाचणी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याने कोठे करावी? मग अंदाज होतो, आणि अंदाज करणारा जर झाड तोडण्याची परवानगी मागणाऱ्याच्या शेजारच्या खोलीत बसत असेल, तर वय किती निघेल हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरे, तीनशे रोपे लावली तरी त्यांत गोरखचिंचा किती, हे कोण विचारतो? सहा फुटी गोरखचिंचा तीनशे काय, तीस तरी द्या म्हणून एखाद्या रोपवाटिकेत जाऊन पाहावे. आणि सात वर्षांची निगा हा तर या झाडाच्या दृष्टीने बारशाचा समारंभ! बीपासून वाढविलेल्या गोरखचिंचेला पहिले फूल येण्यास पंधरा-वीस वर्षे सहज लागतात. वटवाघळांनी वस्ती करावी, पोकळीत घुबडाने घरटे करावे, पांथस्थाने खूण म्हणून सांगावे, अशा योग्यतेला येण्यास किती पिढ्या लागतात ते मोजण्याचे साधन नाही. सराफाच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे मोड घातली तोळ्यांची आणि हाती आली गुंज. तरीही पावतीवर वजन पूर्ण लिहिलेले आहे. घटीचा रकाना कोराच!

तोडण्याऐवजी उपटून दुसरीकडे नेण्याची टूम आता निघाली आहे. मांडवगडच्या परिसरातील काही झाडे हैदराबादकडील एका उद्यानासाठी मुळासकट हलविण्याचा उद्योग काही वर्षांपूर्वी झाला. गावकऱ्यांनी त्याला विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ते काम थांबले. धारच्या पवारांच्या मुलखातील ती झाडे. पावसाळ्यानंतर तिची फळे रस्त्याच्या कडेला मांडून विकणाऱ्या भिल्लांच्या लेकराबाळांचा त्यांवर हक्क नाही आणि दूरच्या धनिकाचा आहे, हा न्याय गावकऱ्यांना उमजला नाही, हे ठीकच झाले.

झाड हलविताच येत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियात गोरखचिंचेच्याच जातभाईचे छत्तीस टनांचे एक झाड वॉर्मनहून पर्थच्या किंग्ज पार्कमध्ये नेण्यात आले. अंतर ३२०० किलोमीटर. ते जगले. पण तेथे झाड रस्त्याच्या पुलाच्या कामात जाणार होते, आणि त्या भूमीच्या मूळ रहिवासी गिजा लोकांनी ते स्वतः, आपल्या विधीपूर्वक, पाठवणी करून दिले. लेक सासरी देणे आणि लेक पळवून नेणे यांत जो भेद आहे, तोच येथे आहे.

जगभर या झाडांवर सध्या साडेसाती आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आफ्रिकेतील सर्वांत जुन्या तेरा गोरखचिंचांपैकी नऊ झाडे २००५ पासूनच्या अवघ्या बारा-तेरा वर्षांत पूर्णतः किंवा अंशतः मेली. हवामानातील बदलाकडे संशोधकांनी बोट दाखविले. ज्या खंडात ती जन्मली तेथेच तिच्यावर ही वेळ आली असेल, तर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील तिच्या वंशाची किंमत आपोआप वाढते. ही साधी गोष्ट येथील राज्यकर्त्यांच्या ध्यानात आणून देण्यास वेगळा आयोग नेमण्याची गरज नसावी.

आता ग्वाल्हेरच्या सराफांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण त्याचे उत्तर आम्ही परत आल्यावर जाणत्यांना विचारून, पुस्तके चाळून आणि स्वतः तीन कुंड्या बिघडवून मिळविले आहे. ज्या वाचकांच्या अंगणात, परड्यात किंवा देवळाच्या मोकळ्या जागेत वाव आहे, त्यांच्याही ते उपयोगी पडावे.

फळ फोडले की पिठूळ, पांढरट गर निघतो. तो पाण्यात कुस्करून गूळ घातला की उत्तम सरबत होते. 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते लिंबाला हार जात नाही. याच गराला २००८ साली युरोपीय संघाने खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली आणि तेथील दुकानांत तो डब्यांतून विकला जाऊ लागला. आपल्याकडे तो झाडाखाली किडतो. असो. गर धुऊन काढला की मूत्रपिंडाच्या आकाराच्या काळपट तपकिरी बिया उरतात. त्या तशाच पेरल्या तर वर्षभरही मातीत स्वस्थ पडून राहतात, कारण कवच दगडासारखे. म्हणून कानशीने किंवा खरकागदाने एका कडेला कवच घासावे आणि कोमट पाण्यात दिवसभर भिजवावे, किंवा उकळते पाणी विस्तवावरून उतरवून त्यात बिया टाकाव्यात आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्याव्यात. हत्तीच्या पोटात जे काम होते ते आपल्याला असे करावे लागते. फुगलेली बी बोटाच्या एका पेराएवढी खोल पेरावी. माती निम्मी वाळूची असावी. पाणी साचले की बी कुजली म्हणून समजा.

उन्हाळ्याच्या उष्म्यात दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. आमच्या दोन कुंड्या येथेच बिघडल्या. कारण रोपाची पहिली पाने साधी, एकेकटी असतात. पंजा मागाहून येतो. आमच्याकडील माळ्याने ते तण समजून उपटले, आणि दोष त्याचा नव्हे, आम्ही पाटी लावली नव्हती. उपटल्यावर खाली मुळ्यासारखे पांढरे, जाड सोटमूळ दिसले तेव्हा चूक कळली. या सोटमुळासाठी कुंडी उथळ असून चालत नाही. ती खोल हवी, आणि रोप कायमच्या जागी लवकरात लवकर, पावसाच्या आरंभी हलवावे. उन्हात ठेवावे, सावलीत ते लोंबते. वाढीच्या दिवसांत पाणी मोकळ्या हाताने, पण मधे माती कोरडी होऊ देऊन. कार्तिक-मार्गशीर्षात पाने गळू लागली की रोप मेले असे समजून बादलीने पाणी ओतू नये. ते झोपलेले असते. या झोपेत पाजलेले पाणी त्याच्या जिवावर उठते. उरलेल्या दोनपैकी एक कुंडी अशीच अतिप्रेमाने गेली.

कोकण आणि गोव्यात हाच धोका मोठा. ज्या झाडाला आफ्रिकेत वर्षाला पाचशे-सातशे मिलिमीटर पाऊस पुरतो, त्याच्यावर येथे तीन हजार मिलिमीटर कोसळतो. तरी जुनी झाडे उभी आहेत, याचे कारण लावणाऱ्यांनी जागा पाहून लावली: उतारावर, जांभ्याच्या भरडावर, किल्ल्याच्या अंगाला, जेथे पाणी ठरत नाही. शेतात किंवा मळ्याच्या सखल कोपऱ्यात लावण्याचे धाडस करू नये. घराच्या भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून चांगले दूर लावावे, कारण आज करंगळीएवढे असलेले खोड उद्या खोलीएवढे होणार आहे. पहिली चार-पाच वर्षे काट्यांचे कुंपण हवेच. शेळीला वनस्पतिशास्त्र शिकविता येत नाही.

उभ्या असलेल्या जुन्या झाडांची निगा याहून सोपी. बहुतेक वेळा काही न करणे हीच ती निगा. बुंध्याला भिडेपर्यंत काँक्रीट ओतणे, रस्ता दरवर्षी वीतभर उंच करून मुळांशी पाण्याचे डबके करणे, पोकळीत कचरा पेटविणे, खोडाला खिळे ठोकून शिकवणीच्या वर्गांचे फलक लावणे, हे बंद झाले तरी पुरे. साल सोलली तर हे झाड ती पुन्हा भरून काढते. आफ्रिकेत तिचे दोर वळतात आणि झाड जगते. पण पोकळी सिमेंटने बुजविण्याचा जो एक उत्साह मधून मधून संचारतो, तो आवरावा. आतली ओल कोंडली की लाकूड आतून कुजते.

राहिला राज्यकर्त्यांचा भाग. आम्ही अवास्तव मागणे मागत नाही. गोव्यात वृक्षसंरक्षणाचा कायदा १९८४ पासून आहे, महाराष्ट्राचा त्याहून जुना. या दोन्ही राज्यांतील किनारी तालुक्यांत गोरखचिंचा किती आणि कोठे आहेत, त्यांची गावोगाव नोंद व्हावी. तलाठी सातबारावर आंब्याची कलमे लिहितो, त्याच हाताने हेही लिहिता येईल. नोंदीत वयाचा आकडा घालण्याची घाई करू नये. घेर, फुलोरा, फळ धरते की नाही, आणि गावात त्याविषयी काय सांगतात एवढे पुरे. त्या त्या झाडाची बी त्या त्या तालुक्याच्या रोपवाटिकेत रुजवावी. जनुकांच्या तपासणीने ही झाडे वेगवेगळ्या वाटांनी आल्याचे दाखविले आहे, तेव्हा मांडवगडची बी आणून किनाऱ्यावर लावणे आणि किनाऱ्याची विसरणे यात शहाणपण नाही. आणि एखादे झाड काढणे अगदीच अपरिहार्य ठरले, तर ते पाडण्यापूर्वी किमान दहा वर्षे त्याच बीची रोपे जमिनीत उभी असली पाहिजेत, अशी अट घालावी. रस्ते आणि मेट्रो यांचे आराखडे दहा-दहा वर्षे कागदावर असतातच. त्या काळात एक बी भिजत घालण्यास कोणत्याही खात्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये. रोपे आधी आणि कुऱ्हाड नंतर, असा क्रम लागला तर घट निदान कागदावर तरी दिसू लागेल.

ग्वाल्हेरला आम्ही सविस्तर पत्र लिहिले. तेथे माघापर्यंत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि या झाडाच्या कोवळ्या रोपाला दहिवर सोसत नाही. म्हणून कुंडी मोठी पण उचलता येण्याजोगी ठेवावी, पाने गळताच पाणी तोडावे, थंडीचे दोन महिने ती जिन्याखाली, वाऱ्याच्या आड असावी, आणि होळी झाली की पुन्हा गच्चीवर न्यावी. उत्तर आले आहे. सहा बिया घासल्या होत्या, तीन उगवल्या. घासण्यासाठी दागिन्यांची कानस वापरली आणि त्यावरून कारागिराशी थोडे वाजले, असेही त्यांनी लिहिले आहे. आमच्याकडची वाचलेली एक कुंडी या पावसाच्या पहिल्या सरीनंतर गावच्या देवळामागील भरडावर जाईल. खड्डा खणून ठेवला आहे. शेळ्यांच्या मालकाशी बोलणी चालू आहेत.